आधी माणसं, मग याचिका

पुणे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तू म्हणालीस, "मोर्च्याला कुणी विचारत नाही, रस्त्यासाठी फोडायला निघालेली वेताळ टेकडी वाचवायला सरळ कोर्टात जाऊ." ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

कोर्टात जरूर जा. पण आधी महाड आठव. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ सालीच झाला होता. हक्क कागदावर होता, तळ्यावर नव्हता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तेव्हा त्या कागदात जीव आला. मग विरोधकच कोर्टात गेले, मनाईहुकूम आणला. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. दहा वर्षं! चळवळ तेवढा काळ तारखा मोजत बसली नाही.

आम्ही मात्र बसलो. आमच्या गल्लीतल्या वडाच्या बुंध्याला तो तोडण्याची नोटीस खिळ्यानं ठोकली होती. पावसानं शाई ओघळलेली, शेवटच्या ओळी बोटानं चाचपत वाचल्या. हरकतीला सात दिवस. चौघांनी धावपळ केली, पुढे स्थगितीही मिळाली. पेढे वाटले. त्यानंतर जो तो म्हणायला लागला, "आता वकील बघतील की." स्थगिती उठली आणि करवत आली, तेव्हा झाडाखाली आम्ही तिघंच होतो.

म्हणून माहितीचा अधिकार वापरताना अर्ज तुझ्या एकटीच्या नावानं टाकू नकोस. दहा रुपये, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत मजकूर, एवढंच लागतं. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींच्या नावानंही एक जाऊ दे. उत्तराचं पाकीट त्यांच्या दारात आलं की भांडण त्यांचंही होतं. 'टेकडी का फोडता?' असं विचारू नकोस, ठरावाची आणि पाहणी अहवालाची प्रत माग.

आणि हेतू राजकीय आहे, तो लपवू नकोस. शहर कसं वाढावं हे लोकांनी ठरवावं, हीच तुझी मागणी आहे ना? मग सभेत तसं ठणकावून सांग. न्यायाधीश प्रक्रिया पाळली का, हे तपासतील. टेकडी हवी की रस्ता, हे नगरसेवकाला मतदारांनीच विचारायला हवं.

रविवारी ये. मसुदा आण, मावशींनाही आण. चहा टाकते.

तुझी,
काकू