पिनहोलने काढलेल्या फोटोत मंडईची गर्दी का येत नाही

पुण्यात मंडईसमोर डब्याचा पिनहोल कॅमेरा (भिंगाऐवजी बारीक भोक, म्हणून एका फोटोला मिनिटं लागतात) लावला तर फोटोत नुसती इमारत आली, माणसं गायब, कॅमेऱ्यात काय बिघडलंय असं विचारलंयत. काही बिघडलेलं नाहीये, उलट तुमच्या प्रोजेक्टला विषय मिळालाय.

फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातला फ्रेंच संशोधक दागेर याने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका हमरस्त्याचा फोटो काढला होता तो शोधून बघा. भर रहदारीचा रस्ता, पण एक्स्पोजर, म्हणजे आत प्रकाश घ्यायचा वेळ, काही मिनिटांचं, त्यामुळे चालणारी माणसं, घोडागाड्या सगळं पुसलं गेलं आणि उरला कोण तर बूट पॉलिश करून घेणारा एक जण आणि त्याच्या पायाशी बसलेला पॉलिशवाला. थांबतो तोच उमटतो. मग मंडईत दिवसभर थांबतं कोण? भाजीवाल्या मावशी, टेकलेले हमाल. आपण गिऱ्हाईकं पाच मिनिटांत पसार. ज्यांना उठसूट अतिक्रमण म्हणतात नेमकी तीच माणसं या डब्यात शिल्लक राहतात, मला हे फार मोलाचं वाटतं.

म्हणून फ्रेम बदला. इमारत १८८६ ची आहे, देखणी आहे, मोह होणारच, पण कॅमेरा खाली आणा, बसलेल्या मावशींच्या नजरेच्या उंचीला. चेहरा थोडा हलेल, हलू दे. फोटो पेपर वापरत असाल तर आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपायच्या क्षमतेचा आकडा, ६ च्या आसपास धरा, भोक अर्धा मिलिमीटर आणि भोकापासून पेपर १२ सेंटिमीटरवर म्हणजे एफ २४० (अंतर भागिले भोकाचा व्यास), भर उन्हात मिनिटभर लागतं, सावलीत आठ-दहा मिनिटं किंवा जास्तही, टेस्ट काढल्याशिवाय कळत नाही. आकाश कमी घ्या, पेपर निळ्या प्रकाशाला जास्त पकडतो त्यामुळे ते पांढरंफटक येतं.

मोबाईलच्या अ‍ॅपनेही गर्दी पुसता येते, पण तेवढा वेळ तुम्ही तिथे बसत नाही ना. डबा लावून बसलं की लोक विचारतात, गप्पा होतात, आणि त्या जागेवर थांबणाऱ्यांत तुम्हीही येता.

मिखाएल वेझेली या जर्मन फोटोग्राफरने न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमचं बांधकाम २००१ ते २००४ असं जवळजवळ तीन वर्षांच्या एक्स्पोजरने टिपलंय, ते बघून डबा खांबाला बांधून घरी जावंसं वाटेल, तर तसं अजिबात करू नका. आपल्याकडे बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात आणि पोलीस येतात, ते बरोबरच आहे. डब्याशेजारीच बसा.

आणि मावशींना आधी विचारा. डब्यातल्या पेपरवर काळं-पांढरं उलटं उमटतं, त्या पेपर निगेटिव्हवरून कॉन्टॅक्ट प्रिंट (दुसऱ्या फोटो पेपरला चिकटवून ठेवून काढलेली सुलटी प्रत) सहज निघते, पहिली त्यांना नेऊन द्या.