पाहिलं नाही की दिसलं नाही? ‘रिसर्च गॅप’ला मराठी शब्द

प्रश्न मुंबईतल्या एका शिक्षिकेचा आहे. त्या एम.एड.चा लघुशोधप्रबंध मराठीतून लिहीत आहेत. विषय आहे महापालिकेच्या शाळांतल्या मुलांची नजर आणि त्यांचं वाचन. मार्गदर्शकांनी ‘रिसर्च गॅप’, म्हणजे आजवरच्या संशोधनातून काय कळायचं राहिलं आहे, या प्रकरणाला मराठी शीर्षक द्यायला सांगितलं. बाईंनी ‘संशोधन अंतर’ लिहिलं, पण ते त्यांचं त्यांनाच खटकलं. मैत्रिणींनी पोकळी, दरी, तफावत, त्रुटी, उणीव असे पाच शब्द सुचवले. परळच्या एका रुग्णालयात परिचारिका असलेली बहीण म्हणते, आमच्याकडे सगळे ‘नॉलेज गॅप’च म्हणतात, तू तेच देवनागरीत लिही. यातलं काय घ्यावं?

ताई, ‘संशोधन अंतर’ खटकलं ते योग्यच झालं. अंतराला दोन टोकं लागतात. दादर ते कुर्ला हे अंतर आहे. दोन भावांत अंतर पडतं तेव्हाही भाऊ दोन असतात. ‘संशोधन अंतर’ म्हटल्यावर कशापासून कशापर्यंत, हे सांगता येत नाही. एका टोकाला आजवर कळलेलं आहे आणि दुसरं टोक अजून कुणाला ठाऊकच नाही.

‘दरी’चंही तेच, पण हा शब्द टाकून देऊ नका. १९७० साली टिचनर, डोनोह्यू आणि ओलियन या अमेरिकी अभ्यासकांनी ‘नॉलेज गॅप’ याच नावाने एक सिद्धान्त मांडला होता. समाजात माहितीचा ओघ वाढला की शिकलेले, सुस्थितीतले लोक ती लवकर उचलतात, बाकीचे मागे राहतात आणि दोघांमधला फरक उलट वाढतो. याला ‘ज्ञानदरी’ म्हणणं चपखल आहे, कारण दरीला दोन कडे असतात आणि इथे दोन गट आहेत. एकाला माहीत आहे, दुसऱ्याला नाही. तुम्हाला जे म्हणायचंय ते वेगळं: माहीत कुणालाच नाही.

म्हणून बहिणीला एकदा विचारून घ्या. रुग्णालयांतल्या प्रशिक्षणात आधी एक चाचणी घेतात, नंतर एक घेतात, आणि पहिल्या चाचणीत जे येत नव्हतं त्यालाही ‘नॉलेज गॅप’ म्हणतात. ते ज्ञान पुस्तकात असतं, फक्त त्या परिचारिकेपर्यंत पोचलेलं नसतं. याखेरीज आणखी एक गॅप आहे. हात धुतल्याने संसर्ग टळतो हे वॉर्डातल्या प्रत्येकाला माहीत असतं, तरी गर्दीच्या वेळी हात धुवायचे राहतात. आरोग्यक्षेत्रात याला ‘नो-डू गॅप’ म्हणतात, म्हणजे जाणणं आणि करणं यांतलं. यासाठी नवा शब्द घडवायची गरजच नाही. ‘कळतं पण वळत नाही’ हे आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो आहोत.

तेव्हा एका ‘गॅप’च्या पोटात तीन गोष्टी आहेत: कुणालाच कळलेलं नाही, काहींना कळलंय पण सगळ्यांपर्यंत पोचलेलं नाही, आणि कळतंय पण वळत नाही. पहिलीला संशोधन लागतं, दुसरीला शिक्षण, तिसरीला व्यवस्था बदलावी लागते. तिन्हींना एकच शब्द वापरला की इलाजही एकच सुचतो, आणि तो बहुधा प्रशिक्षणाचा असतो. शब्दाबद्दल मी एवढा आग्रह धरतो तो यासाठी.

‘तफावत’ दोन आकड्यांत असते. हजेरीपटावर ४० मुलं आणि वर्गात ३१, ही तफावत. तुमच्या प्रकरणात तिचं काम नाही. ‘त्रुटी’ कचेरीच्या भाषेत पार अडकलेला शब्द आहे. ‘त्रुटींची पूर्तता करून प्रस्ताव फेरसादर करावा’ असं वाचायची सवय झालेल्या माणसाला त्यात कुणाची तरी चूक दिसणारच.

‘पोकळी’चा विचार मात्र करायला हवा. लोकलगाडी आणि फलाट यांच्यामध्ये जी धोकादायक जागा राहते तिला आपली वर्तमानपत्रं पोकळी म्हणतात आणि ते बरोबर आहे. दोन्ही काठ डोळ्यांना दिसतात, फूटपट्टीने मोजता येतं, फलाट उंच केला की ती कमी होते. मोठा माणूस गेल्यावर ‘पोकळी निर्माण झाली’ म्हणतो, तिथेही आधी कुणीतरी होतं. भोवती काहीतरी असल्याशिवाय पोकळी होत नाही. एखाद्या विषयाच्या चहूबाजूंनी भरपूर अभ्यास झालेत आणि मध्ये नेमका एक प्रश्न कोरडा राहिलाय, अशी स्थिती असेल तर ‘पोकळी’ लिहा. पण ज्या विषयाला अजून कुणी हातच घातला नाही, त्याला पोकळी म्हणणं म्हणजे मोकळ्या मैदानाला खड्डा म्हणण्यासारखं आहे.

आता ‘उणीव’. पाचांत मला हाच सर्वांत जवळचा वाटतो, आणि याच्याबद्दलच सर्वांत जास्त सांगायचं आहे. संस्कृतात ‘ऊन’ म्हणजे कमी. तो आपण रोज वापरतो, फक्त ओळखत नाही. पाऊण म्हणजे पाद-ऊन, पावभाग कमी असलेला एक. एकोणीस म्हणजे एक कमी वीस. वजाबाकीतलं ‘उणे’ही तेच. या सगळ्यांत पूर्ण आकडा आधी ठाऊक असतो. वीस माहीत असल्याशिवाय एकोणीस म्हणता येत नाही. म्हणून ‘उणीव’ लिहिणाऱ्यावर एक जबाबदारी येते: पूर्ण काय असायला हवं होतं, हे त्याने आधी सांगितलं पाहिजे. ‘या विषयात उणीव आहे’ एवढ्यावर थांबता येत नाही. एकोणीस म्हणताय, तर वीस कोणते ते मोजून दाखवा.

दुसरं, ‘उणे’ला दोष काढल्याचा वास आहे. उणीदुणी काढणं, उणं बोलणं. कित्येक प्रबंधांत हे प्रकरण आधीच्या संशोधकांची उणीदुणी काढण्यात खर्ची पडतं: अमक्यांनी नमुना लहान घेतला, तमक्यांनी मुली घेतल्या नाहीत. त्यांनी जे शोधलं ते त्यांच्या प्रश्नापुरतं पुरेसं असेलही. तुमचा प्रश्न त्यांना पडला नव्हता, एवढंच.

आणि इथेच मराठीने आपल्याला एक फार सुंदर जोडी दिली आहे, ती नामात नाही, क्रियापदात आहे: ‘पाहिलं नाही’ आणि ‘दिसलं नाही’. पाहणं हे माणसाचं काम, दिसणं हे वस्तूचं. चष्मा दिल्याने वाचन सुधारतं का हे कुणी तपासलंच नसेल, तर ते ‘पाहिलं नाही’. नीट तपासलं आणि फरक आढळला नाही, तर ‘दिसलं नाही’. पहिली संशोधनातली उणीव आहे, दुसरं संशोधनाचं फळ आहे. आणि वीस मुलांवर तपासून फरक आढळला नसेल, तर ‘पाहिलं, पण दिसेल इतकं पाहिलं नाही’. १९९५ साली ऑल्टमन आणि ब्लँड या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटं टिपण लिहिलं होतं. त्याचा आशय असा, की पुरावा नसणं म्हणजे नसल्याचा पुरावा नव्हे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ते समजावून सांगावं लागतं. मराठीत ‘पाहिलं नाही, मग दिसणार कुठून?’ असं घरातली आजीसुद्धा म्हणते.

‘पाहिलं नाही’चं आपल्याच राज्यातलं उदाहरण देतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. त्याआधी खेड्यातल्या बायकांचं आरोग्य म्हटलं की बोलणं गरोदरपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांच्याभोवतीच फिरत असे. दुखणं दिसत नव्हतं, कारण पाहिलं नव्हतं. इथे ‘त्रुटी’ हा शब्द लावून बघा, किती तोकडा पडतो ते लगेच कळेल.

मग न पाहिलेलं ओळखायचं कसं? यासाठी मला एक शेतातला शब्द फार आवडतो. कपाशी उगवून आली की शेतकरी ओळीने चालत जातो. जिथे बी उगवलं नाही तिथे जागा रिकामी दिसते. तिथे पुन्हा बी टोबतात, त्याला म्हणतात ‘नांग्या भरणं’. नांगी दिसते ती ओळीमुळे. बी फेकून पेरलं असतं तर कुठे उगवलं नाही ते कळलंच नसतं. संशोधनातही हेच करतात. उभ्या रकान्यांत परिणाम मांडायचे, आडव्या ओळींत उपाय, आणि झालेला प्रत्येक अभ्यास आपापल्या घरात ठेवायचा. रिकामी राहिलेली घरं म्हणजे नांग्या. अशा तक्त्याला ‘एव्हिडन्स गॅप मॅप’ म्हणतात. उपचारांच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेणारी कॉक्रेन ही संस्था १९९३ मध्ये सुरू झाली, शिक्षण आणि समाजकल्याणासाठी तसंच काम करणारी कॅम्पबेल २००० मध्ये. ओळी आखायचं काम त्यांनी केलं. पण एक ध्यानात घ्या, बांधावर उगवलं नाही म्हणून कुणी तिथे नांग्या भरत नाही. ‘यावर कुणी अभ्यास केलेला नाही’ हे एकटं कारण पुरत नाही. तिथे पीक हवं आहे, हेही सांगावं लागतं. ब्रिटनमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स हे काम रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून करते. कोणते अनुत्तरित प्रश्न आधी घ्यायचे हे तिथे संशोधक एकटे ठरवत नाहीत.

मुंबईत या रिकाम्या जागेला आणखी एक नाव आहे, ते कोशात मिळणार नाही. घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकेच्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात मी ते वाचलं आहे: ‘घर बंद’. एका चाळीच्या पानावर ओळीने खोल्या, नावं, माणसं, आणि मध्ये मध्ये ‘घर बंद’, ‘घर बंद’. दिवसभर दोघंही कामाला जातात, मूल शेजारी किंवा गावी. संध्याकाळी बेरीज होते तेव्हा ही घरं बेरजेत येत नाहीत. शाळेत त्यांचीच भावंडं असतात ‘सतत गैरहजर’. चाचणीच्या दिवशी जे मूल आलं नाही त्याला वाचता येतं की नाही, हे शाळेला कसं कळणार? ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने २००५ मध्ये ‘असर’ ही पाहणी सुरू केली तेव्हा मुलांना शाळेत न गाठता घरी जाऊन वाचायला दिलं, ते शाळेत नसलेलं मूलही मोजलं जावं म्हणून. पटनोंदणीचे आकडे तोवर भरपूर होते. वाचता किती जणांना येतं, हे घरोघर विचारलं तेव्हा कळलं. पण असर ही ग्रामीण जिल्ह्यांची पाहणी आहे. मुंबईतच जन्मलेल्या ‘प्रथम’च्या या पाहणीत मुंबई येत नाही. ताई, तुमच्या अभ्यासाला इथे ओळ आहे आणि नांगीही आहे.

तर माझं मत असं. प्रकरणाचं शीर्षक ‘काय पाहायचे राहिले आहे’ असं द्या. ‘राहिले आहे’ म्हणताना दोष कुणावर येत नाही, आणि काम पुढे आहे हेही कळतं. विद्यापीठाला नामच हवं असेल तर ‘पूर्वसंशोधनातील उणिवा व अनुत्तरित प्रश्न’. ‘नांग्या’ प्रबंधात घालू नका, तोंडी परीक्षेत जरूर सांगा. ‘रिसर्च गॅप’ बोलताना म्हणायला माझी हरकत नाही. शिक्षणात एक वर्ष ‘गॅप’ पडला असं आपण म्हणतोच, आणि तो शब्द आता आपला झाला आहे. लिहिताना मात्र त्यातल्या तीन गोष्टींपैकी कोणती, हे वाक्यातून कळू द्या.

तुमचं वाक्य होतं: ‘सदर विषयात संशोधन अंतर आढळून येते.’ ते मी असं लिहीन: ‘महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते. मला मिळालेल्या अभ्यासांत मुलांच्या वाचनाची पातळी तपासली आहे. त्याच मुलांची नजर त्यांपैकी कोणत्याही अभ्यासात तपासलेली नाही. त्यामुळे अक्षर न येणारे मूल आणि फळा न दिसणारे मूल यांची गणना एकत्रच झाली आहे.’ अभ्यास किती मिळाले तो आकडा तुमचा तुम्ही घाला, वीस कोणते ते त्यातूनच कळेल.

आणि उणीवचं अनेकवचन करताना ‘णी’ ऱ्हस्व होते: उणीव, उणिवा, उणिवांचा. तुमच्या मसुद्यात ‘उणीवा’ तीन ठिकाणी आलं आहे, तेवढं दुरुस्त करून घ्या.