पॅरामीटर मोजून काय होतंय?

प्रश्न: मशीन लर्निंगचा कोर्स करतोय. माझं मॉडेल ट्रेनिंग डेटावर एकदम बरोबर येतं आणि नवीन डेटावर आपटतं, सर म्हणतात पॅरामीटर कमी कर. पण यामागे काही पक्कं गणित आहे का? वापनिक हे नाव सारखं वाचतो, त्यांनी नेमकं काय केलं?

उत्तर: गणित आहे, आणि ते कळलं की नुसते पॅरामीटर, म्हणजे ट्रेनिंगमध्ये ठरणारे मॉडेलचे आकडे, मोजणं का पुरत नाही हेही कळतं. व्लादिमिर वापनिक आणि अलेक्सेय चेर्वोनेन्किस हे मॉस्कोतले दोघं, साठच्या दशकात त्यांनी विचारलं की एखादं मॉडेल किती वेगवेगळ्या लेबलांशी, म्हणजे डेटाला दिलेल्या उत्तरांशी, जुळवून घेऊ शकतं? इथे लेबल म्हणजे रंग समजा. कागदावर तीन ठिपके घ्या, एका रेषेत नसलेले. त्यांना लाल-निळा रंग 8 प्रकारे देता येतो आणि आठही वेळा एक सरळ रेघ मारून लाल-निळे वेगळे करता येतात, पण चार ठिपके घेतले की ते कसेही मांडा, रेघेला न जमणारी एक तरी रंगरचना निघतेच. म्हणून रेघेचं व्हीसी डायमेन्शन, म्हणजे जास्तीत जास्त किती ठिपक्यांच्या सगळ्या रंगरचना जमतात तो आकडा, 3, व्ही आणि सी ही दोघांची आद्याक्षरं.

हा आकडा मर्यादित असला की ठिपके वाढतील तशा जमणाऱ्या रंगरचना 2 च्या घाताने वाढत नाहीत, बहुपदीच्या वेगाने वाढतात, आणि त्यामुळे पुरेसा डेटा असेल तर ट्रेनिंगमधली चूक आणि खरी चूक जवळजवळ येतात. नमुने एकाच डिस्ट्रिब्यूशनमधून (कुठला डेटा किती वेळा येतो याची वाटणी) आणि स्वतंत्रपणे घेतलेले हवेत, बास, ते डिस्ट्रिब्यूशन कुठलं याची अटच नाही! या दोघांच्या 1971 च्या पेपरमधली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट हीच.

आता सरांचा नियम. साइनची लाट घ्या, पॅरामीटर एकच, फ्रिक्वेन्सी. लाट वर असेल तिथे लाल, खाली असेल तिथे निळा. नीट निवडलेले कितीही ठिपके असूदेत, हवी ती रंगरचना जमते, म्हणजे पॅरामीटर एक आणि व्हीसी डायमेन्शन अनंत. उलट पुढे बेल लॅब्जमध्ये वापनिकनी सहकाऱ्यांबरोबर सपोर्ट व्हेक्टर मशीन हे दोन गट वेगळे करणारं मॉडेल केलं (1992, 1995), त्यात डेटाचे रकाने (डायमेन्शन) कितीही असूदेत, दोन गटांमधली मोकळी जागा म्हणजे मार्जिन मोठं ठेवून कुठल्याही लेबलांशी जुळवून घ्यायची क्षमता आटोक्यात ठेवतात.

एक मात्र आहे, आजची मोठी न्यूरल नेटवर्क्स रँडम लेबलंसुद्धा पाठ करतात आणि तरी खऱ्या डेटावर चांगली चालतात, तिथे व्हीसीचा हिशोब अपुरा पडतो आणि त्यावर अजून काम चालू आहे. तुम्ही आधी वेगळा व्हॅलिडेशन सेट, म्हणजे ट्रेनिंगमध्ये न वापरलेला तपासणीचा डेटा, ठेवा आणि पॅरामीटर तेवढेच ठेवून रेग्युलरायझेशन, म्हणजे मॉडेलला साधं राहायला लावणारा दंड, वाढवून बघा.