रात्रीचं आकाश हा देवाच्या अस्तित्वाचा पुरावा आहे का?

तुम्ही विचारलंय की ख्रिस्ती लोकांना ताऱ्यांनी भरलेल्या आकाशात निर्माता दिसतो, तुम्हाला मात्र फक्त तारे दिसतात, मग हा पुरावा कसला?

मी ख्रिस्ती आहे आणि शाळेत असल्यापासून दुर्बीण घेऊन आकाश पाहतो आहे. गणितात सिद्धता असते तसा हा पुरावा नाही, हे आधीच मान्य करतो. मी त्याला साक्ष म्हणतो. सिद्धतेपुढे मान तुकवावीच लागते. साक्ष ऐकायची की नाही आणि साक्षीदारावर भरवसा ठेवायचा की नाही, हे ऐकणाऱ्याच्या हातात राहतं. पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, १९वं स्तोत्र आकाश देवाचा महिमा सांगतं असं म्हणतं, आणि लगेच पुढे म्हणतं की त्याला वाचा नाही, शब्द नाहीत. त्यामुळे तुम्हाला काही ऐकू आलं नाही म्हणून मी तुम्हाला दोष देणार नाही.

कॉलेजात असताना मी एका मित्राशी कडाडून वाद घातला होता. ‘हे तारे काय आपोआप झाले?’ असं मी विचारलं. त्याने शांतपणे वही उघडली आणि आकृती काढली. हायड्रोजनचा प्रचंड ढग, स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसत जाणारा, आत वाढणारा दाब, कोट्यवधी अंशांचं तापमान, मग अणुकेंद्रांचं मीलन, आणि तारा पेटला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. कितीतरी दिवस मला ते खात होतं, जणू माझ्यामुळे देव हरला.

चूक कुठे झाली ते पुढे न्यूटनबद्दल वाचताना उमगलं. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे सूर्यमालेची घडी हळूहळू विस्कटेल आणि ती देवाला अधूनमधून नीट करावी लागेल, असं त्याला वाटत होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने गणित मांडून दाखवलं की ज्या बदलांची भीती वाटत होती त्यातले मोठे बदल कमीजास्त होत पुन्हा मागे फिरतात. आपल्याला कळत नाही तिथे देवाला बसवलं, की प्रत्येक नवीन शोधाबरोबर त्याला एकेक खोली रिकामी करून द्यावी लागते. मी मित्रासमोर नेमकं हेच करत होतो. बायबलमधला देव असा फटीत राहणारा नाही. ढग त्याचा, आणि ढग ज्या नियमाने आकसतो तो नियमही त्याचाच.

आता मृग नक्षत्र वर आलं की मी बाणाच्या तीन ताऱ्यांच्या जरा खाली दुर्बीण रोखतो. काचेवर श्वास सोडल्यावर उमटतो तसा एक धुरकट डाग दिसतो. अंतर सुमारे १,३०० प्रकाशवर्षं. तिथे आजही नवे तारे जन्मत आहेत. मित्राच्या वहीतली आकृतीच ती! फरक इतकाच की आता ती पाहताना माझ्या तोंडून स्तुती निघते.

मला सगळ्यात वजनदार वाटणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. आकाश वाचता येतं. १८६८ मध्ये सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेघ सापडली, जी तोवर माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. त्या अनोळखी द्रव्याला हेलियम नाव मिळालं, आणि १८९५ मध्ये ते पृथ्वीवर, एका खनिजात सापडलं. पंधरा कोटी किलोमीटरवरचा सूर्य आणि हातातला दगड एकाच नियमाने चालतात, आणि मातीतून घडलेल्या माणसाला तो नियम समजतो. असं असायलाच हवं होतं असं काही नाही. विश्वामागे एक बुद्धी आहे आणि तिच्याच प्रतिरूपात माणूस घडला आहे, असं मानलं की मला हे उलगडतं. तुम्ही म्हणाल, विश्व असंच आहे, बस. तेही म्हणता येतं. मला ते पुरत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. विश्व प्रसरण पावतं हे १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या नव्या विश्वविज्ञानाचा, देवाने विश्व निर्माण केलं या श्रद्धेशी उघड संबंध जोडला, तेव्हा लमेत्रना ते रुचलं नाही. सिद्धांत बदलू शकतो, त्यावर श्रद्धा टांगू नये, ही त्यांची भूमिका मला फार प्रामाणिक वाटते.

आणि आकाशाची साक्ष अपुरी आहे, हे मी अनुभवाने सांगतो. आई अत्यवस्थ होती त्या रात्री मी हॉस्पिटलच्या गच्चीवर गेलो. आकाश निरभ्र होतं, कृत्तिकांचा झुबका अगदी स्पष्ट दिसत होता, आणि त्यातून मला काहीही मिळालं नाही. कोणीतरी सामर्थ्यवान आहे इतकं तारे सांगतात. त्याला माझ्या आईची पर्वा आहे का, हे सांगत नाहीत. खाली येऊन मोबाइलवर १४७वं स्तोत्र उघडलं. तो ताऱ्यांची गणती करतो, त्या सर्वांना नावं देतो, हे मला पाठ होतं. त्याच्या आधीची ओळ मी कधी थांबून वाचलीच नव्हती: तो भग्नहृदयी जनांना बरे करतो, त्यांच्या जखमांना पट्ट्या बांधतो.

म्हणून मला कोणी विचारलं की तुझा विश्वास ताऱ्यांवर उभा आहे का, तर मी नाही म्हणतो. तो येशूवर उभा आहे. आणि शुभवर्तमानात लिहिलंय की तो वधस्तंभावर होता तेव्हा दुपारी बारापासून तीनपर्यंत सगळ्या देशभर अंधार पडला होता.