धोका, जोखीम आणि खिशातली किल्ली

प्रश्न : आमच्या कारखान्याच्या सुरक्षा रजिस्टरमध्ये 'धोका' आणि 'जोखीम' असे दोन रकाने आहेत. मी दोन्हीकडे तेच लिहितो. चालेल का?

चालणार नाही, पण हा घोळ घालणारे तुम्ही एकटे नाही. इजा करण्याची ताकद ज्यात आहे, तो धोका. ती इजा होण्याची शक्यता किती आणि झालीच तर किती गंभीर, हे दोन्ही मिळून जोखीम. ॲसिडचा कॅन हा धोका. तो कुलूपबंद कपाटात, खालच्या फळीवर, गळती झेलणाऱ्या ट्रेमध्ये असेल तर जोखीम थोडी. तोच सैल झाकणाने येण्याजाण्याच्या वाटेवर, डोक्याच्या उंचीला ठेवलेला असेल तर भरपूर. ॲसिड तेच! म्हणून दुसऱ्या रकान्यात कोण, किती वेळा, कसं हाताळतं हे यायला हवं, आणि त्यासाठी जागेवर जावं लागतं.

आणखी एक चूक सर्रास दिसते. धोक्याच्या रकान्यात 'घसरून पडणे' लिहितात. धोका म्हणजे जमिनीवर सांडलेलं तेल. पडणं हा त्याचा परिणाम.

प्रश्न : वर्कशॉपमध्ये सगळ्यांना इअरप्लग दिलेत, तरी सुरक्षा तपासायला आलेल्या ऑडिटरने 'नियंत्रण अपुरे' असा शेरा मारला. आता काय करायचं?

ऑडिटरचं बरोबर आहे. नियंत्रणाची एक उतरंड असते. आधी धोकाच हटवता येतो का ते बघायचं. नाही तर कमी धोक्याचा पर्याय. मग यंत्राला आवरण, गार्ड, धूर ओढणारा पंखा असे तांत्रिक उपाय. त्यानंतर प्रशिक्षण, फलक, पाळ्यांची अदलाबदल. पीपीई, म्हणजे हेल्मेट, गॉगल, इअरप्लग, अगदी तळाला, कारण ते रोज, प्रत्येकाने, नीट घातले तरच उपयोगी. तरी सुरुवात तिथूनच होते. वाटपाचा फोटो लगेच काढता येतो ना.

आवाजासाठी ८ तासांना सरासरी ८५ डेसिबल ही मर्यादा बरेच ठिकाणी धरतात. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून त्या हिशेबाने ८८ ला ४ तास, ९१ ला २. हे उलटही चालतं. कॉम्प्रेसर भिंतीपलीकडे हलवून, थरथरणाऱ्या पत्र्याखाली रबर घालून ३ डेसिबल जरी उतरले, तरी कानावरचा मारा निम्मा झाला.

इअरप्लगही बघून घ्या. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. समोरून पाहिल्यावर प्लग बोंडासारखा बाहेर डोकावत असेल, तर तो नुसता डूल.

प्रश्न : वरून पाना पडला, कोणाला लागलं नाही. सुपरवायझर म्हणतात, नोंद केली तर आपलंच रेकॉर्ड खराब दिसेल.

खालचा माणूस दोन पावलं बाजूला होता, एवढंच. यात कोणाचं कर्तृत्व? अशा थोडक्यात हुकलेल्या अपघातालाच निअर मिस म्हणतात. औद्योगिक सुरक्षेचे अमेरिकी अभ्यासक हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ साली एक प्रमाण मांडलं : एका गंभीर इजेमागे २९ किरकोळ इजा आणि ३०० बिनइजेच्या घटना. त्या आकड्यांवर पुढे बरीच टीका झाली आणि मलाही ते जसेच्या तसे पटत नाहीत. पण पान्याला दोरी का नव्हती, खाली बॅरिकेड का नव्हतं, हे कोणी जखमी न होता विचारायची संधी मिळाली, ती का घालवायची? निअर मिसचं रजिस्टर कोरं दिसलं की मला जास्त भीती वाटते.

प्रश्न : टाकीत उतरण्याआधी वास घेऊन बघतो. पुरेसं आहे का?

मुळीच नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. ऑक्सिजन कमी असल्याचा तर वासही नसतो. गॅस डिटेक्टरने वर, मध्ये आणि तळाशी मोजा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर परमिटवर, म्हणजे आत उतरण्याच्या परवानगीपत्रावर, सही करू नका.

प्रश्न : दुरुस्तीच्या वेळी मेन स्विच बंद करून 'काम चालू आहे' अशी पाटी लावतो. वर कुलूप कशाला?

पाटी कोणीतरी वाचावी लागते. कुलूप न वाचताही अडवतं. ज्याचा हात यंत्रात, किल्ली त्याच्याच खिशात. चार जण असतील तर चार कुलपं. शिवाय वीज तोडली तरी हायड्रॉलिकचा दाब, ताणलेली स्प्रिंग, वर अडकलेला रॅम (प्रेसचा वरखाली होणारा जड भाग) शिल्लक असतातच. दाब सोडा, लोंबणारा भाग टेकवा, मग सुरू करायचं बटण दाबून बघा. यंत्र हललं नाही, तरच हात आत घाला.