आईची डोकेदुखीची आणि झोपेची गोळी बंद केली तर चालेल का? मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय का देत नाही?

तुम्ही लिहिलंय, आई वर्षभर रोज रात्री क्लोरडायझेपॉक्साइड ५ मिलिग्रॅम अधिक अमिट्रिप्टिलिन १२.५ मिलिग्रॅम ही गोळी घेतायत. ठाण्यात नौपाड्यात माझं मेडिकल आहे, या गोळीशी रोजचीच गाठ, म्हणून लिहितो.

एकाच गोळीत दोन औषधं आहेत, आणि घरच्यांना हे बहुतेकदा कुणी सांगितलेलंच नसतं. अमिट्रिप्टिलिन मूळचं नैराश्यावरचं. पण कमी डोसमध्ये डोकेदुखी सारखी उठू नये म्हणून देतात. गुण यायला काही आठवडे लागतात, तेव्हा डोकं ठणकल्यावर एखादी घेऊन उपयोग होत नाही. क्लोरडायझेपॉक्साइड चिंता कमी करतं, गुंगी आणतं. १९६० साली बाजारात आलेलं, बेंझोडायझेपिन नावाच्या चिंता-झोपेच्या औषधांच्या गटातलं पहिलंच औषध. सवय लागते ती याची. उतारवयात ते अंगात रेंगाळतं, मग पहाटे बाथरूमला जाताना तोल जातो.

चिठ्ठीचं म्हणाल तर क्लोरडायझेपॉक्साइड सरकारच्या एच-१ यादीत आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. २०१४ पासून डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं, सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते ३ वर्षं सांभाळावं लागतं. स्ट्रिपवरची लाल चौकट बघा. "ओळखीचे आहोत, चारच कापून द्या" म्हणणारे येतातच. मी देत नाही. तुमच्या मेडिकलवाल्यावरही रागावू नका.

बंद मात्र एकदम करू नका. झोप उडते, जीव घाबरा होतो, क्वचित फिटही येते. डॉक्टर हळूहळू कमी करतील. त्यांना सरळ विचारा: क्लोरडायझेपॉक्साइड अजून हवंय का, की नुसतं अमिट्रिप्टिलिन पुरेल? ते वेगळं मिळतं. काचबिंदू असेल, लघवी अडत असेल, तर तेही सांगा.

आणखी एक, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आई वरून काय घेतात ते बघा. सारिडॉनमध्ये ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं. संध्याकाळी डोकं दुखलं म्हणून चहाबरोबर ती घ्यायची, रात्री डोळा लागत नाही म्हणून झोपेची घ्यायची, असं कितीतरी घरांत चालतं. सारिडॉनसारख्या, दोन-तीन औषधं मिसळलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या महिन्यात १० किंवा जास्त दिवस, महिनोन्‌महिने घेतल्या तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं. डॉक्टरांना हे कुणी सांगत नाही, कारण सारिडॉनला कुणी औषध समजतच नाही. पर्समधली ती स्ट्रिपही बरोबर न्या.