सासूबाईंची पुडी जीपीला दाखवलीत का?

ताई, इंग्लंडहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही लिहिलंय, ‘एन्डोस्कोपी झाली, सगळे रिपोर्ट नॉर्मल, जीपी (म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर) म्हणतो स्ट्रेस आहे, पण सोमवार आला की पोटात गोळा येतो आणि संडासला पळावं लागतं.’ मग पुढं हळूच एक ओळ, ‘सासूबाईंनी शिवाजी पेठेतनं अश्वगंधेचं चूर्ण आणि वैद्यांची एक पुडी पाठवलीय, चार महिने घेतेय, जीपीला बोलले नाही, उगाच हसेल.’ आणि थायरॉईडची गोळी चालू आहे हे तर अगदी शेवटी. अहो, हे सगळ्यात आधी सांगायचं की!

तुमचं दुखणं खोटं नाही. भीतीनं आणि दुःखानं पोट बिघडतं हे चरकसंहितेत भयज आणि शोकज अतिसार म्हणून सांगितलंय, आणि त्यावर वाताचं औषध तर आहेच पण सोबत हर्षण आणि आश्वासनही सांगितलंय, म्हणजे माणसाचं मन खुलवायचं, त्याला धीर द्यायचा. चूर्ण पार्सलनं आलं, धीर कुणी दिला तुम्हाला?

पण लपवायचं नाही, हे मी प्रत्येकीला सांगते. अश्वगंधेनं काहींचं थायरॉईड हार्मोन वाढतं, त्यात तुमची गोळी, मग छातीत धडधड, हात थरथर, झोप नाही, आणि आपण त्यालाही टेन्शन समजून अजून एक चमचा घेतो. लिव्हर बिघडल्याच्या केसेसही आहेत, डेन्मार्कनं २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. आम्ही लेस्टरला होतो तेव्हा माझ्या जावेला झोप येईना, ती गावाकडनं आलेली सर्पगंधा घ्यायची, बीपीच्या गोळ्या चालू असताना, आणि डॉक्टरला एक शब्द सांगितला नव्हता. सर्पगंधेत रिझर्पिन नावाचं द्रव्य असतं, त्यानं बीपी उतरतो, मनही खचू शकतं. कित्येक महिने ती गप्प गप्प, आम्ही म्हणायचो थंडी आहे, अंधार आहे, आणि एक दिवस बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. ते मी अजून विसरले नाही.

तर उद्याच पिशवी घेऊन जीपीकडं जा. अश्वगंधा म्हटलं तर कळायचं नाही, विथानिया सोम्निफेरा हे तिचं शास्त्रीय नाव लिहून न्या, टीएसएच म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी आणि लिव्हरची टेस्ट मागा, थायरॉईडची गोळी मनानं बंद करू नका. पुडीत काय आहे ते वैद्यांकडनं लिहून घ्या, ते येईपर्यंत पुडी बंद. २००४ मध्ये बोस्टन भागातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासल्याचं छापून आलं होतं, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक निघालं. तुमच्या पुडीवर तर साधं नावपण नाही. आणि इंग्लंडमध्ये टॉकिंग थेरपीसाठी, म्हणजे बोलून मन मोकळं करायच्या उपचारासाठी, जीपीची चिठ्ठी लागत नाही, आपलं आपण नाव देता येतं, ते द्या.

मुलगा मराठीत उत्तर देत नाही म्हणता, देईल, तुम्ही बोलत रहा. परत कोल्हापूरला यायचं का ते आधी पोट बरं होऊ दे, मग बघू.

सासूबाई रागावतील म्हणता. नाही रागावणार. रविवारी संध्याकाळी त्यांनाच फोन लावा आणि सोमवारी नक्की काय होतं ते सगळं सांगा, इतके दिवस त्यांना फक्त ‘पोट दुखतंय’ एवढंच कळलंय.